बाटलींतील फेंस आणि साखरेचा हिशेब

सोडावॉटरची बाटली उघडतांच फसफसून बाहेर पडणाऱ्या वायूचा इतिहास बीअरच्या पिंपापासून सुरू होतो. १७६७ च्या सुमारास इंग्लंडांतील लीड्स येथें जोसेफ प्रीस्टले बीअरच्या एका कारखान्याशेजारीं राहत असे. आंबणाऱ्या पिंपांवर सांचलेला वायु पाण्यांत मुरवून त्यानें सोडावॉटरचा पाया घातला. तोच कार्बन डायॉक्साइड बाटलींत बेतानें कोंडणें ही आज ब्रिटनमधील हौशी बीअर करणारांची खरी कसोटी होय. तेथें १९६३ सालीं परवान्याचें बंधन उठलें आणि हा छंद घरोघर रुजला.

जवाच्या माल्टचा गोड काढा हॉप्ससह उकळून, निववून त्यांत यीस्ट घालतात. यीस्ट साखरेपासून मद्यार्क व कार्बन डायॉक्साइड तयार करितें. पिंपांतून बहुतेक वायु उडून जात असल्यामुळें तशीच भरलेली बीअर मिळमिळीत लागते. म्हणून बाटल्या भरतेवेळीं थोडी साखर मिसळून झांकण घट्ट बसवितात. शिल्लक यीस्ट ती साखर खातें आणि नव्या वायूला वाट न मिळाल्यामुळें तो बीअरमध्येंच मुरतो.

ही साखर किती असावी? एक लिटर बीअरमध्यें एक लिटर वायु मुरला, तर त्यास एक पट म्हणतात. २० अंश सेंटिग्रेड उष्णमानास तयार बीअरमध्यें सुमारें ०.८५ पट वायु मूळचाच असतो. लिटरमागें ४ ग्रॅम साखरेनें सुमारें एक पट भर पडते. इंग्लिश एलला एकूण दोन पटींच्या आसपास वायु पुरतो. म्हणजे २० लिटरांस ८० ग्रॅम साखर झाली. लागरला अडीच पट हवा; तेथें सुमारें १३० ग्रॅम लागेल. ही साखर पाण्यांत उकळून, निववून साऱ्या बीअरमध्यें एकजीव करावी.

परंतु बाटल्या फुटतात त्या बहुधा ह्या मोजलेल्या साखरेनें नव्हे, तर न मोजलेल्या साखरेनें. बुडबुडे थांबले म्हणजे आंबण्याची क्रिया संपली, असें नाहीं. थंडीनेंही यीस्ट निजतें. येथें दुधाच्या लॅक्टोमीटरचें भावंड जो हायड्रोमीटर, तो कामास येतो. बीअरचें विशिष्ट गुरुत्व १.०१० पर्यंत उतरावयाचें असतां ती १.०१४ वरच भरली, तर उरलेली साखर बाटलींत सुमारें दोन पट अधिक वायु निर्माण करील. एलचे दोन पट धरून एकूण चार होतात. इतका दाब साधारण बाटलीस झेपत नाहीं आणि कांचा अंगावर उडण्याचें भय असतें. म्हणून आंकडा तीन दिवस स्थिर असावा, शिवाय तो अपेक्षेइतका उतरलेलाही असावा. दोहोंपैकीं एक गोष्ट उणी असेल, तर बाटल्या भरण्याची घाई करूं नये.

भरलेल्या बाटल्या बंद पेटींत, १८ ते २१ अंश उष्णमानास दोन आठवडे ठेवाव्या. मग एक बाटली थंड करून उघडावी. फेंस बेताचा असेल, तर बाकीच्या थंड जागीं हलवाव्या.