मद्रासची गोळी, झारखंडची डाळ

1956 साली मद्रासला क्षयरोगाच्या औषधोपचाराचं संशोधन केंद्र सुरू झालं, तेव्हा क्षय झाला की सॅनेटोरियम गाठायचं, असाच रिवाज होता. आपल्याकडे पाचगणी आणि मिरजेजवळची वानलेसवाडी त्यासाठी ओळखली जायची. मोकळी हवा, सक्तीची विश्रांती, दूध-अंडी आणि महिनोन्‌महिने घरापासून दूर. देशात रुग्ण लाखांनी होते आणि खाटा हजारांनी.

वॉलेस फॉक्स यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने एक साधा प्रश्न विचारला: खाट नसेल तर चालेल का? शहरातल्या गरीब वस्त्यांतल्या रुग्णांचे, जणू चिठ्ठ्या टाकून, दोन गट केले. एक गट सॅनेटोरियममध्ये, दुसरा घरीच. औषधं दोघांनाही तीच, आयसोनियाझिड आणि पास, वर्षभर. घरच्या गटातली माणसं दाटीवाटीच्या खोल्यांत राहत होती, कमी खात होती, त्यांना पुरेशी विश्रांतीही मिळत नव्हती. 1959 मध्ये निकाल आला. दोन्ही गटांत बरं होण्याचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. रुग्ण घरी ठेवल्यामुळे घरच्यांना जास्त लागण झाली, असंही पुढच्या पाहणीत दिसलं नाही. जगभरची सॅनेटोरियमं ओस पडण्यामागे हा अभ्यास एक मोठं कारण ठरला. गरिबांच्या घरात केलेल्या संशोधनाने श्रीमंत देशांची पद्धत बदलली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

पण त्याच निकालात आणखी एक नोंद होती. घरच्या रुग्णांचं वजन सॅनेटोरियममधल्यांच्या मानाने बरंच कमी वाढलं होतं. जंतू मेले, माणूस मात्र हडकुळाच राहिला. धोरण ठरवणाऱ्यांनी यातून सोयीचा अर्थ काढला: औषध वेळेवर दिलं की जेवणाकडे पाहायचं कारण नाही. पुढची कित्येक दशकं क्षयाच्या सरकारी कार्यक्रमात जेवण हा विषय जवळपास नव्हताच.

बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतल्या देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांचं कामही असंच अर्धं उचललं गेलं. तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत त्यांनी क्षयाचे रुग्ण शोधून विचारपूस केली. निम्म्याहून अधिक रुग्ण आपण होऊन दवाखान्यात जाऊन आले होते आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परतले होते. म्हणजे अडाणी रुग्ण नव्हता; बेडका तपासायचं दवाखान्याला सुचत नव्हतं. यावरूनच 1962 चा राष्ट्रीय कार्यक्रम सर्वसाधारण दवाखान्यांमधून चालवायचं ठरलं. आखणी अचूक होती. तिच्यासाठी लागणारा पैसा आणि माणसं तीस वर्षं आली नाहीत, आणि कोर्स अर्धवट सोडणाऱ्यांचा दोष पुन्हा रुग्णाच्याच माथी मारला गेला.

मधल्या काळात मुंबईत काय चाललं होतं, ते कुणाला कळायचं राहिलं नव्हतं. 1991 मध्ये मुकुंद उपळेकर आणि डोनाल्ड शेपर्ड यांनी झोपडपट्टीतल्या शंभरेक खासगी डॉक्टरांना क्षयासाठी काय लिहून देता, असं विचारलं, तेव्हा 80 निरनिराळ्या औषधयोजना निघाल्या. जवळपास वीस वर्षांनी झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी धारावीतल्या 106 डॉक्टरांना तेच विचारलं. या वेळी 63 निघाल्या. चुकीच्या चिठ्ठीगणिक औषधाला दाद न देणारा जंतू पोसला जात होता. तरीही हालचाल झाली ती 2012 च्या सुरुवातीला, हिंदुजा रुग्णालयातल्या चार रुग्णांवर कुठलंच औषध चालत नसल्याची बातमी देशभर पसरल्यावर. त्याच वर्षी मे महिन्यात खासगी डॉक्टरांनाही रुग्णाची नोंद सरकारला कळवणं सक्तीचं झालं. 1991 चा निबंध वाचून हे करता आलं असतं.

अशा चिवट क्षयावर तेव्हा कॅनामायसिनची इंजेक्शनं होती, आणि त्यांनी कित्येकांचं ऐकू येणं कायमचं गेलं. मुंबईच्या नंदिता वेंकटेशन त्यांपैकी एक. बेडाक्विलिनच्या गोळीमुळे ही इंजेक्शनं टळू लागली, तेव्हा त्या गोळीच्या पेटंटची मुदत वाढवण्याविरुद्ध त्या आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले उभ्या राहिल्या. मार्च 2023 मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने ती गोळी बनवणाऱ्या कंपनीचा अर्ज फेटाळला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मद्रासने अर्धवट सोडलेल्या प्रश्नाचं उत्तर आलं. अनुराग आणि माधवी भार्गव यांच्या चमूने झारखंडमधल्या 2,800 रुग्णांना औषधासोबत दरमहा तांदूळ, सत्तू, दूध पावडर आणि तेल दिलं. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका 61 टक्क्यांनी कमी आढळला. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती घरच्यांची गोष्ट. रुग्णांच्या काही घरांतल्या प्रत्येक मोठ्या माणसाला महिन्याला पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या मिळाल्या. बाकीच्या घरांना नाही. शिधा मिळालेल्या घरांत नव्या क्षयाचं प्रमाण 39 टक्क्यांनी घटलं. इतकं संरक्षण देणारी लस मोठ्यांसाठी आजही आपल्या हाती नाही.

रुग्णाला पोषणासाठी 2018 पासून महिना 500 रुपये मिळत होते, ते नोव्हेंबर 2024 पासून 1,000 झाले. घरच्यांच्या शिध्याचं काम मात्र निक्षय मित्रांवर, म्हणजे देणगी देणाऱ्यांवर सोपवलं आहे. गोळी सरकारच्या अंदाजपत्रकातून येते. डाळही तिथूनच यायला हवी.