सात पहिले सामने

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार. आदल्याच दिवशी विधानसभेचा निकाल लागला होता आणि कोल्हापूरच्या पेठांमधल्या रस्त्यांवर गुलाल अजून तसाच पडलेला होता. रात्री दहाला आम्ही नेहमीसारखे आण्णांच्या माडीवर जमलो. इप्सविचच्या पोर्टमन रोडवर मँचेस्टर युनायटेडचा सामना होता आणि मैदानाच्या कडेला मॅनेजर म्हणून पहिल्यांदाच रूबेन अमोरिम उभा होता. पोर्तुगालच्या स्पोर्टिंग क्लबमधून आलेला, जेमतेम चाळिशीच्या उंबरठ्यावरचा माणूस.

८१ सेकंद झाले होते. उजवीकडून अमाद सुसाट सुटला, त्याने चेंडू आत टाकला आणि मार्कस रॅशफर्डने तो जाळ्यात ढकलला. माडी दणाणली. कुणीतरी ओरडलं, "सुटलं बघ आता गाडं!" पुढची चाळीस मिनिटं गाडं कुठंच सुटलं नाही. इप्सविचचा लियाम डिलॅप आमच्या बचावफळीला भिडत राहिला, गोलरक्षक ओनानाने दोनदा वाचवलं, आणि ४३व्या मिनिटाला ओमारी हचिन्सनने लांबून मारलेला फटका आमच्याच खेळाडूला चाटून आत गेला. सामना १-१ असा सुटला आणि मग आमचा खरा सामना सुरू झाला. अमोरिमची तीन बचावपटूंची पद्धत या पोरांना झेपणार का? रॅशफर्डला मधोमध खेळवायचं का? कॅसेमिरोचे पाय अजून तेवढे चालतात का? रात्रीचे दोन वाजले तरी कुणी उठेना.

आण्णा ऐकत होते. तरुणपणी शाहू स्टेडियमवर पेठेच्या तालमीकडून खेळलेला हा माणूस, आता सत्तरीला टेकलेला. त्यांच्याकडे एक लांबट हिशेबाची वही आहे. युनायटेडला नवा मॅनेजर आला की डावीकडच्या पानावर त्याचा पहिला सामना ते लिहून ठेवतात आणि समोरचं पान कोरं सोडतात. त्याच संघाशी पुन्हा गाठ पडली की ते पान भरायचं. त्या रात्रीही त्यांनी डावीकडे लिहिलं आणि वही मिटली. "पहिली मॅच गेलेल्या माणसाची असती, पोरांनो," ते म्हणाले. "खेळाडू त्याचे, सवयी त्याच्या, दमसास त्याचा. नव्याचं काय ते दुसऱ्यांदा गाठ पडंल तवा दिसंल."

ही वही २०१३ पासूनची आहे. त्याआधी तिची गरजच नव्हती, कारण सव्वीस वर्षं मॅनेजर एकच होता. पण पहिल्या पानाच्या वर आण्णांनी एक जुनी नोंद आठवण म्हणून करून ठेवली आहे: ८ नोव्हेंबर १९८६, ऑक्सफर्ड युनायटेड २, मँचेस्टर युनायटेड ०. अॅलेक्स फर्ग्युसनचा पहिला सामना. त्या आठवड्यात रॉन अॅटकिन्सनला काढलं होतं, बावीस संघांत युनायटेड एकविसाव्या जागी होतं, आणि ॲबरडीनहून आलेल्या फर्ग्युसनला संघासोबत घालवायला दोनच दिवस मिळाले होते. त्या नव्वद मिनिटांवरून जर कुणी त्याचं भविष्य सांगितलं असतं तर काय सांगितलं असतं? त्याला पहिली ट्रॉफी मिळायला १९९० चा एफए कप उजाडावा लागला.

फर्ग्युसन १३ लीग विजेतेपदं मिळवून निवृत्त झाला आणि १७ ऑगस्ट २०१३ ला डेव्हिड मॉइसचा पहिला लीग सामना स्वान्सीत झाला. आम्ही ४-१ जिंकलो. व्हॅन पर्सीचे दोन गोल, वेलबेकचे दोन. आम्ही रात्री बारानंतर रंकाळ्यावर जाऊन आलो, इतका आनंद. आज ती संघाची यादी बघितली की कळतं, मैदानात उतरलेल्या अकरा जणांत मॉइसने आणलेला एकही नव्हता. तो तीन महिन्यांपूर्वी अकरा गुणांनी लीग जिंकलेला फर्ग्युसनचा संघ होता आणि तो जुन्या सवयीने धावत होता. ५ जानेवारी २०१४ ला तीच स्वान्सी एफए कपसाठी आमच्या घरच्या मैदानावर, ओल्ड ट्रॅफर्डवर, आली आणि शेवटच्या मिनिटाला विल्फ्रेड बोनीने डोक्याने केलेल्या गोलवर २-१ जिंकून गेली. पुढच्याच आठवड्यात लीगमध्ये आम्ही त्यांना हरवलं हे खरं, पण साडेचार महिन्यांतली ती घसरण लपत नव्हती. सहा वर्षांचा करार केलेला मॉइस दहा महिन्यांत गेला. संघ सातव्या जागी राहिला.

लुई व्हॅन खाल याच्या पानावरही स्वान्सीच आहे. पहिल्याच सामन्यात घरच्या मैदानावर १-२. हंगामातला पहिला सामना युनायटेडने ओल्ड ट्रॅफर्डवर हरावा असं १९७२ नंतर प्रथमच घडलं. उजवीकडच्या पानावर पुन्हा १-२, आणि खाली आण्णांनी बारीक अक्षरात तिसरंही १-२ लिहिलं आहे, ऑगस्ट २०१५ मधलं. व्हॅन खालने एफए कप जिंकून दिला आणि दोनच दिवसांनी त्याला काढलं, ही गोष्ट मला आजही बोचते. जोझे मोरिन्योचं पान मात्र मी लवकर उलटतो. पहिला लीग सामना बोर्नमथमध्ये ३-१ असा ऐटीत, इब्राहिमोविचच्या लांबून मारलेल्या फटक्यासकट. दुसरा ओल्ड ट्रॅफर्डवर त्याच बोर्नमथशी १-१, तोही त्यांचा एक खेळाडू मध्यंतराआधीच बाहेर गेलेला असताना आणि आमची एक पेनल्टी वाया गेलेली. त्या हंगामात घरच्या एकोणीस लीग सामन्यांपैकी दहा बरोबरीत सुटले. ते सगळं त्या एका १-१ मध्ये दिसतं.

ज्या पानाशी मी थांबतो ते ओले गुन्नार सोल्शायरचं. २२ डिसेंबर २०१८, कडाक्याची थंडी, रात्रीचे अकरा. चार दिवसांपूर्वी मोरिन्यो गेला होता. संघ सहावा, लिव्हरपूलपेक्षा १९ गुणांनी मागे. हंगामभर आम्ही सामना बघायला बसायचो ते कर्तव्य म्हणून. आणि समोर आला १९९९ साली बार्सिलोनात शेवटच्या क्षणी बायर्न म्युनिकवर विजयी गोल करणारा आमचा सोल्शायर. प्रतिस्पर्धी कार्डिफ, ज्या संघाचा तो पूर्वी मॅनेजर होता आणि ज्याला त्याच्याच हाताखाली खालच्या विभागात जावं लागलं होतं. तिसऱ्या मिनिटाला रॅशफर्डची फ्री किक जाळ्यात. मग हेरेरा, मग मार्सियाल. तो तिसरा गोल कुणीही परत बघावा: एका स्पर्शात पास, धावणं, पुन्हा पास, जणू पोरांच्या पायातल्या बेड्या कुणी काढल्या होत्या. ५-१. लीगच्या सामन्यात युनायटेडने पाच गोल केले ते फर्ग्युसनच्या अखेरच्या सामन्यानंतर पहिल्यांदाच. तो वेस्ट ब्रॉमविचशी ५-५ झाला होता. साडेपाच वर्षं. आमच्यातला एकजण त्या रात्री माडीच्या खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. का, ते आम्हाला माहीत होतं.

आण्णांचं म्हणणं मला त्या सामन्यामुळे पटलं, पण त्याच रात्री नाही. त्या रात्री आम्ही सगळे म्हणत होतो की सोल्शायरने जादू केली. त्याने काय केलं होतं? दोन-तीन दिवस सराव घेतला आणि पोरांना पुढे धावा म्हटलं. आम्ही पाहिलं ते मोरिन्योने अडवून धरलेलं पाणी होतं. बांध फुटला आणि ते वाहिलं. सलग आठ सामने जिंकले, पॅरिसमध्ये ३-१ ने चमत्कार घडला, मार्चअखेर सोल्शायर कायम झाला. आणि मग पाणी सरलं. १२ मे २०१९, हंगामातला शेवटचा दिवस. त्या संध्याकाळी आयपीएलचा अंतिम सामना होता, सगळं कोल्हापूर मुंबई आणि चेन्नईच्या मागे. आम्ही चौघं माडीवर युनायटेड बघत होतो. समोर कार्डिफ, एव्हाना खालच्या विभागात गेलेलीच. ओल्ड ट्रॅफर्डवर ०-२ हरलो. आण्णांनी उजवं पान भरलं तेव्हा बाहेर मुंबईच्या विजयाचे फटाके वाजत होते. सोल्शायरवर माझं आजही प्रेम आहे आणि त्याने त्यानंतर अडीच वर्षं मनापासून झटून काम केलं. पण तो कार्डिफचा पाच गोलांचा सामना त्याचा नव्हता. त्याचं पान होतं ते ०-२ चं, आणि तिथून त्याला संघ नव्याने उभा करावा लागला.

राल्फ रांग्निकचं पान तर एखाद्या गोष्टीसारखं आहे. ५ डिसेंबर २०२१, क्रिस्टल पॅलेसविरुद्ध १-०, फ्रेडचा उजव्या पायाने वळवलेला सुंदर गोल. पहिला अर्धा तास पोरं चेंडूवर अशी तुटून पडत होती की आम्ही त्या जर्मन पद्धतीवर तासभर बोललो. २२ मे २०२२ ला हंगामाच्या शेवटच्या सामन्यात पुन्हा पॅलेस. ०-१, विल्फ्रेड झाहाचा गोल. तोही एकेकाळी युनायटेडचाच खेळाडू. रांग्निकची सुरुवात आणि शेवट एकाच संघाशी झाला. मधल्या साडेपाच महिन्यांत ते तुटून पडणं कुठं विरून गेलं ते कुणालाच सांगता आलं नाही.

एरिक टेन हाखचं तेवढं उलटं. पहिला सामना घरी ब्रायटनशी १-२, युनायटेडचा एकमेव गोल स्वयंगोल. पुढच्या आठवड्यात ब्रेंटफर्डने पस्तीस मिनिटांत चार मारले. माडीवर भांडणं झाली, एकजण महिनाभर आलाच नाही. मग एप्रिल २०२३ मध्ये वेम्बलीवर एफए कपची उपांत्य फेरी, समोर ब्रायटन, १२० मिनिटं ०-०, आणि पेनल्टींवर ७-६. न आलेला मित्र त्या रात्री सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. टेन हाखने दोन कप दिले. त्याचं उजवं पान डाव्यापेक्षा चांगलं निघालं, आणि तरी ऑक्टोबर २०२४ मध्ये संघ चौदाव्या जागी असताना तो गेला. वही सगळं सांगत नाही, हे आण्णाही कबूल करतात.

अमोरिमने पोर्टमन रोडवरच्या त्या बरोबरीनंतरच सांगून टाकलं होतं की पुढे बराच काळ सोसावं लागेल. आम्हाला तेव्हा ते सावधपण वाटलं. तो आल्यापासून त्या सामन्यापर्यंतच्या मधल्या काळात आंतरराष्ट्रीय सामने होते, बरेच खेळाडू आपापल्या देशांकडून खेळून परतले होते, पूर्ण संघासोबत सराव करायला त्याला मोजकेच दिवस मिळाले होते. तरी आम्ही त्या ८१ सेकंदांनाच धरून बसलो होतो. तो हंगाम ४२ गुणांवर पंधराव्या जागी संपला. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून इतकं खाली युनायटेड कधीच गेलं नव्हतं. बिल्बाओत युरोपा लीगची अंतिम लढत टॉटनहॅमने १-० जिंकली.

पण त्याचं उजवं पान त्याआधीच भरलं होतं. २६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र. सामना आपल्या घड्याळाने रात्री एकला होता आणि उपवासामुळे सगळे जागेच होते. आण्णांच्या सूनबाईंनी साबुदाण्याची खिचडी आणि उकडलेली रताळी वर पाठवली होती. चौथ्याच मिनिटाला आमच्या बचावातल्या गोंधळातून इप्सविचने गोल केला. मग त्यांचा स्वयंगोल, मग डी लिखट, २-१. मग आमच्या पॅट्रिक डोर्गूला लाल कार्ड. दहा जण उरले आणि मध्यंतराआधी पुन्हा बरोबरी. दुसरा अर्ध सुरू होताच हॅरी मॅग्वायरने कॉर्नरवर डोकं लावलं, ३-२. त्यानंतरची चाळीसेक मिनिटं दहा जणांनी, खालच्या विभागाकडे निघालेल्या संघासमोर, घरच्या मैदानावर, चेंडू फक्त बाहेर फेकत काढली. कसली पद्धत नव्हती त्यात, कसला आराखडा नव्हता. पण एकही पोरगं थांबलं नाही. माडीवर कुणी बोलत नव्हतं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना शिट्टी झाली. आण्णांनी वही उघडली, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि इप्सविचसमोरच्या कोऱ्या पानावर लिहिलं: ३-२, दहा जणांत. मग पेन तसंच हातात धरून ते बराच वेळ पानाकडे बघत राहिले. "आण्णा, अजून काय लिहायचं राहिलं?" मी विचारलं. ते म्हणाले, "थांब मर्दा, जरा बघू दे."