विमानतळावरील आरोग्य-तपासणी आणि इन्फ्ल्युएन्झाची साथ : गोंदियाच्या दृष्टीने विचार

विमानतळावर ज्वरग्रस्त उतारूंना बाजूस काढले की साथ देशाच्या वेशीवरच अडते, अशी समजूत रूढ आहे. तिची परीक्षा मुंबईपासून लोहमार्गाने सुमारे एक हजार किलोमीटर दूर असलेल्या गोंदियातून करणे उद्बोधक ठरेल.

प्रथम कालाचा हिशेब पाहू. विषाणूचा शरीरात प्रवेश झाल्यापासून लक्षणे प्रकट होईपर्यंतचा अवधी, म्हणजेच अधिशयन काल, इन्फ्ल्युएन्झात साधारणतः एक ते चार दिवसांचा असतो. न्यूयॉर्कहून थेट विमान मात्र एका दिवसाच्या आतच मुंबईस पोहोचते. निघण्याच्या दिवशी संसर्ग झालेला उतारू तापमान टिपणाऱ्या यंत्रासमोरून निर्दोष म्हणून सुटतो, रात्री विदर्भ एक्सप्रेसमध्ये बसतो आणि गोंदियास उतरल्यावर त्यास ताप चढतो. जो ताप अद्याप उत्पन्नच झाला नाही, तो यंत्रास कसा दिसावा? ज्वरशामक गोळी घेतलेले व लक्षणांवाचून संसर्ग बाळगणारे उतारूही असेच निसटतात. उलट, अन्य कारणाने तापलेले अडकतात.

2009 च्या साथीचा अनुभव याच स्वरूपाचा आहे. भारतातील पहिला निश्चित रुग्ण मे महिन्यात हैदराबाद विमानतळावरील तपासणीत सापडला. म्हणजे तपासणी सर्वस्वी निष्फळ नव्हे. तथापि 3 ऑगस्ट रोजी पुण्यात एका शालेय विद्यार्थिनीच्या रूपाने देशातील पहिला बळी पडला, तोवर संसर्ग शहरात स्थानिक रीतीने पसरू लागला होता.

1918 साली साथ मुंबई बंदरातून शिरून लोहमार्गांनी अंतर्भागात पोहोचली. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात होते. आणि मध्य प्रांत व वऱ्हाड येथील मृत्युप्रमाण देशातील सर्वाधिक प्रमाणांपैकी होते. बंदरापासूनचे अंतर हे संरक्षण ठरले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 च्या मार्गदर्शक सूचनांत इन्फ्ल्युएन्झासाठी प्रवेशद्वारावरील अशा तपासणीची शिफारस केलेली नाही. उतारूंना सूचना देणे व त्यांचे पत्ते नोंदवून घेणे, एवढाच तिचा मर्यादित उपयोग मानता येईल. पहिला ताप ज्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येणार, तेथे प्रवासाची विचारपूस, नमुन्याची त्वरित रवानगी आणि प्राणवायूची सोय असणे अधिक मोलाचे होय. गोंदियाच्या बाबतीत साथीची खरी वेस तीच आहे.