मानेची हालचाल आणि मन्यास्तंभाचे निदान

मान आखडल्याची तक्रार आपल्या चिकित्सालयात नित्याची आहे. गडचांदूर हे सिमेंट कारखान्यांचे गाव; भोवती कापसाची शेती आणि पलीकडे जंगल. डोक्यावरील मोळी, मोहफुले वेचताना व कापूस वेचताना सतत झुकलेली मान, ही कारणे समोरच दिसतात. त्यामुळे 'मन्यास्तंभ' असे निदान चटकन होते आणि तेल व गुग्गुळकल्प देऊन रुग्णास पाठविले जाते. परंतु मान म्हणजे एकच सांधा नव्हे. कोणती हालचाल अडली आहे हे पाहिल्याशिवाय निदान पुरे होत नाही.

सुश्रुताचार्यांनी ग्रीवेत 8 संधी सांगितले असून त्यांचा अंतर्भाव प्रतर प्रकारात केला आहे. आधुनिक शारीराप्रमाणे मानेत 7 मणके असतात आणि त्यांच्या मागील बाजूस एकमेकांवर सरकणारे लहान, सपाट सांधे असतात. प्रतर ही संज्ञा त्यांना चांगलीच लागू पडते.

होकार व नकार

कवटी आणि पहिला मणका यांतील सांध्यात मुख्यतः होकार देण्याची हालचाल होते. पहिला व दुसरा मणका यांत नकाराची हालचाल होते. दुसऱ्या मणक्याच्या दंताकृती खुंटीभोवती पहिला मणका कड्याप्रमाणे फिरतो. मान वळविण्याची सुमारे निम्मी क्षमता या एकाच ठिकाणी आहे. खुंटीला जागेवर धरणारा आडवा स्नायुबंध सैल झाला, तर मागील मज्जारज्जूस धोका पोहोचतो.

दुसऱ्या मणक्याच्या खालील सांध्यांची पृष्ठे सुमारे 45 अंशांनी तिरकी असतात. पुढे वाकताना वरचा मणका पुढे व वर सरकतो, मागे झुकताना मागे व खाली येतो. या तिरकसपणामुळे मान वळविली की ती त्याच बाजूस थोडी कलतेही. मागे झुकताना मज्जातंतू बाहेर पडण्याची छिद्रे अरुंद होतात. म्हणून वर पाहिल्यावर कळ हातात उतरत असेल, तर तंतूवर दाब असल्याची शंका घ्यावी. सुश्रुतांनी मन्यास्तंभाच्या हेतूंत दिवास्वापाबरोबर ऊर्ध्वनिरीक्षणाचा निर्देश केला आहे, तो येथे लक्षात घेण्याजोगा आहे.

ज्वर आणि ताठ मान

आपल्या वनप्रदेशात ताप म्हटला की प्रथम हिवताप आठवतो. परंतु ज्वर, तीव्र शिरःशूल व वमन यांसह मान ताठ असेल, तर रुग्णास उताणे निजवून डोके हलकेच पुढे वाकवावे, नंतर दोन्ही बाजूंस वळवून पाहावे. मस्तिष्कावरणाच्या शोथात पुढे वाकविताना तीव्र प्रतिरोध होतो. वळविताना मात्र मान बहुधा मोकळी असते. सांध्यांच्या विकारात वळणेही अडते. हे चिन्ह नसले तरी शंका संपत नाही, विशेषतः बालके व वृद्धांत. अशा रुग्णास अभ्यंग, स्वेद वा नस्य देण्यात वेळ न दवडता तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

मर्दनापूर्वी

डोके व मान यांच्या संधिस्थानी कृकाटिका हे मर्म आहे. त्याच्या आघाताने चलमूर्धता येते, असे संहितेत म्हटले आहे. झाडावरून वा वाहनावरून पडलेल्या रुग्णाची मान वळवून पाहू नये; ती स्थिर ठेवून त्यास हलवावे. जुन्या आमवाताच्या रुग्णातही वरील स्नायुबंध सैल झालेला असू शकतो. तेथे मानेस झटका देणे सर्वथा वर्ज्य. बटणे लावताना बोटे अडखळणे, चाल डळमळीत होणे, मूत्रावरील नियंत्रण सुटणे ही मज्जारज्जूवरील दाबाची लक्षणे होत.

ही लक्षणे नसलेल्या, कफावृत वाताच्या मन्यास्तंभात रूक्ष स्वेद, नस्य आणि दशमूल क्वाथ हा शास्त्रोक्त मार्ग मोकळा आहे. औषधालयातील बंधूंनीही मानदुखीसाठी तेल मागणाऱ्यास दोनच प्रश्न विचारावेत : ताप आहे काय, आणि हात-पाय जड वा बधिर वाटतात काय? उत्तर होय आले, तर बाटली बाजूला ठेवून रुग्णास वैद्याकडे पाठवावे.