बटणाला अर्थ कोण देतो ?

सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजीं गोव्याकडे नियमित प्रवासी विमान जाऊं लागलें, आणि शहरांतील घराघरांत विमान हा पुन्हा बोलण्याचा विषय झाला. ज्या घरांत वाढतीं मुलें आहेत व संगणक आहे, तेथें या कुतूहलाला आणखी एक वाट सांपडते. संगणकाच्या पडद्यावर विमान उडविण्याचा भास निर्माण करणारा सिम्युलेटर, आणि तें विमान हांकण्यासाठीं टेबलावर ठेवावयाचा एक दांडा, म्हणजे जॉयस्टिक, अशी ही वाट आहे. दांडा हौसेनें घरांत येतो, परंतु पहिल्याच संध्याकाळीं पुष्कळांच्या पदरीं निराशा पडते. त्याच्यावर पंधरा-वीस बटणें असतात. एक दाबावें तर चाकें मिटतात, दुसरें दाबावें तर कांहींच होत नाहीं, आणि तिसरें दाबतांच आकाशांत असलेल्या विमानाचें इंजिन बंद पडतें. वडील मंडळी म्हणतात, वस्तु सदोष निघाली, परत करावी. बहुधा वस्तु निर्दोष असते. तिच्या बटणांना योग्य अर्थ अद्याप दिलेला नसतो, एवढेंच.

ही गोष्ट सोलापूरकरांस समजावयास कठीण जाऊं नये. ज्या चादरीनें या शहराचें नांव देशभर नेलें, तिच्यावरील वेलबुट्टी जकार्ड यंत्राच्या साहाय्यानें विणली जाते. जोसेफ मारी जकार या फ्रेंच कारागिरानें १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या या यंत्रांत जाड पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकें पाडलेलीं असतात. भोक असेल तेथें सुई आंत शिरते व ताण्याचा धागा उचलला जातो. भोक नसेल तेथें धागा खालींच राहतो. मागाला फूल ठाऊक नसतें आणि पानही ठाऊक नसतें. अमुक सुई आंत गेली, अमुक गेली नाहीं, एवढेंच त्याला कळतें. फूल असतें तें पत्त्यांच्या माळेंत. माळ बदलली कीं त्याच मागावरून वेगळ्या नक्षीची चादर निघते. अलीकडे अनेक ठिकाणीं पुठ्ठ्याच्या पत्त्यांची जागा संगणकानें घेतली आहे, परंतु तत्त्व तेंच राहिलें आहे. जॉयस्टिकचें बटण ही अशीच एक सुई समजावी. तिच्या हालचालीचा अर्थ ठरविणारा पत्ता तीन निरनिराळ्या ठिकाणीं असूं शकतो : पहिला सिम्युलेटरच्या मांडणींत, दुसरा दांड्याच्या मोडांत, आणि तिसरा दांड्याच्या पोटांतील फर्मवेअरमध्यें. या तीन पत्त्यांचा घोटाळा झाला म्हणजे माणूस भलत्याच ठिकाणीं दुरुस्ती करूं लागतो.

प्रथम दांडा संगणकाशीं काय बोलतो तें पाहूं. दांडा पुढें-मागें व डावीउजवीकडे कलतो. हा कल मोजण्यासाठीं स्वस्त दांड्यांत घासून फिरणारा एक रोधक असतो. जुन्या रेडिओचा आवाज लहानमोठा करण्याच्या खुंटींत असे, त्याच जातीचा. ती खुंटी झिजली कीं रेडिओ खरखरूं लागे. तसाच हा रोधक झिजला कीं हात न लावतांही पडद्यावरील विमान थरथरूं लागतें. बऱ्या प्रतीच्या दांड्यांत लोहचुंबक आणि एक संवेदक यांची जोडी असते. एडविन हॉल या शास्त्रज्ञानें १८७९ सालीं शोधून काढलेल्या परिणामावर ती चालते, आणि मोजणींत कोणताही भाग घासत नसल्यामुळें ती दीर्घकाळ टिकते. मोजमाप कसेंही होवो, शेवटीं कल हा एक आंकडा बनतो. थ्रस्टमास्टर टी-१६०००एम या दांड्यांत प्रत्येक अक्षावरील चालीचे १६,३८४ भाग पडतात. बटणाचा व्यवहार याहून सोपा : दाबलें अथवा सोडलें. तार जोडतांच दांडा संगणकाला आपली ओळख सांगतो कीं, आपल्याजवळ इतके अक्ष आहेत व इतकीं बटणें आहेत. त्यापुढें तो केवळ बदल कळवीत राहतो. पांच क्रमांकाचें बटण दाबलें गेलें, एवढें तो सांगतो. चाकें, ब्रेक, दिवे हे शब्द त्याच्या कोशांत नाहींत.

या क्रमांकाला अर्थ देण्याचें काम सिम्युलेटर करतो. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर असो वा विनामूल्य मिळणारा फ्लाइटगिअर असो, मांडणीच्या पानावर एका बाजूस विमानाचीं कामें असतात व दुसऱ्या बाजूस बटणाचा क्रमांक नेमावयाचा असतो. ओळखीच्या दांड्यासाठीं तयार मांडणी आपोआप येते. ती सोयीची असली तरी तींत एक धोका असतो. दांड्याबरोबर पायांनीं चालविण्याचे पट्टे किंवा दुसरें एखादें साधन जोडलेलें असलें, तर एकच काम दोघांकडे सोंपविलें जाण्याचा संभव असतो. मग एक साधन सुकाणूं डावीकडे ओढतें आणि दुसरें तें मध्यावर आणूं पाहतें. म्हणून प्रत्येक काम किती साधनांकडे गेलें आहे हें आधीं पाहून दुहेरी नेमणुका काढून टाकाव्या. त्याच पानावर दांड्याच्या मध्याभोवतीं थोडीशी निष्क्रिय जागा ठेवतां येते, म्हणजे हाताचा सूक्ष्म कंप विमानापर्यंत पोंचत नाहीं. ही जागा गरजेपेक्षां मोठी ठेवूं नये. तसें केल्यास दांडा बराच हालविल्यावर विमान एकदम दचकल्यासारखें वळतें.

कोणतें काम कोणत्या बटणाला द्यावें हा केवळ आवडीचा प्रश्न नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या बी-१७ जातीच्या बाँबफेकी विमानांचे वैमानिक सुखरूप उतरल्यावर फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागील कडेच्या झडपा, मिटावयाच्या ऐवजीं कधीं कधीं चाकेंच मिटून घेत, आणि धडधाकट विमान धांवपट्टीवर पोटावर बसे. हा वैमानिकांचा हलगर्जीपणा समजला जाई. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञानें पाहिलें कीं, या दोन कामांच्या कळा एकमेकींशेजारीं असून हुबेहूब सारख्या आहेत. त्यानें चाकांच्या कळेला लहानसें चाक व फ्लॅपच्या कळेला पाचरीसारखा तुकडा बसविण्याची युक्ति काढली. बोटांना न पाहतां फरक कळूं लागला. चाकांच्या कळेचें टोंक चाकासारखें व फ्लॅपच्या कळेचें पंखासारखें ठेवण्याची पद्धत आजही विमानांत पाळली जाते.

घरच्या दांड्यालाही हाच न्याय लावावा. जीं कामें उड्डाणांत क्षणोक्षणीं लागतात, म्हणजे चोहोंकडे पाहणें आणि हातावरील भार हलका करणारी ट्रिमची जुळणी, तीं अंगठ्याखालीं असावीं. ब्रेक तर्जनीच्या चापाला द्यावा, कारण तो दाबून धरावा लागतो. चाकें व फ्लॅप हीं शेजारच्या सारख्या बटणांवर कधींही ठेवूं नयेत. एकाला वरची जागा द्यावी, दुसऱ्याला बैठकीवरची. इंजिन बंद करण्याचें काम सहज हात लागेल अशा बटणाला देऊंच नये. ही योजना प्रथम कागदावर लिहावी, मग मांडणींत भरावी, आणि निदान आठवडाभर बदलूं नये. रोज अर्थ बदलणाऱ्या बटणाची संवय हाताला लागत नाहीं.

बटणें अपुरीं पडूं लागलीं म्हणजे मोडांचा प्रश्न येतो. टंकलेखन यंत्रावर शिफ्टची कळ दाबली कीं तीच कळ दुसरें अक्षर उमटविते. मोड म्हणजे त्याचाच विस्तार. लॉजिटेकच्या एक्स-५२ या दांड्यावर तीन मोडांची फिरती कळ आहे, आणि करंगळीखालीं शिफ्टसारखें चालणारें एक बटण आहे. त्यामुळें दहा बटणांचे तीन मोडांत तीस अर्थ होतात, आणि शिफ्ट धरली तर साठ. हिशेब मोहक आहे. परंतु साठ अर्थ लक्षांत ठेवण्याचा भार माणसाच्या डोक्यावर पडतो, हें त्या हिशेबांत येत नाहीं.

हा भार किती जड होऊं शकतो याचें उदाहरण खऱ्या विमानांचें आहे. २० जानेवारी १९९२ रोजीं एअर इंटर कंपनीचें ए-३२० विमान फ्रान्समध्यें स्ट्रासबूरजवळ डोंगरावर आदळलें. विमानांतील ९६ जणांपैकीं ८७ मृत्युमुखीं पडले. चौकशींत जी शक्यता प्रबळ ठरली ती अशी : उतरण्याचा कोन आणि उतरण्याचा वेग हे दोन्हीं एकाच खुंटीनें ठरविले जात, आणि खुंटीचा अर्थ निवडलेल्या मोडावर अवलंबून असे. हवा होता ३.३ अंशांचा कोन. मोड राहिला वेगाचा, आणि दर्शकावरील ३३ या आंकड्याचा अर्थ झाला मिनिटास ३,३०० फूट. बोटांनीं फिरविलेला आंकडा अपेक्षेप्रमाणेंच होता. त्याचा अर्थ मात्र दुसरा होता. पुढें वेगाचा आंकडा दर्शकावर पूर्ण चार अंकांत दिसावा अशी सुधारणा करण्यांत आली.

यावरून दोन नियम निघतात. पहिला असा कीं, फिरवून ठेवावयाच्या मोडापेक्षां दाबून धरावयाची शिफ्ट अधिक सुरक्षित, कारण ती चालूं आहे हें बोटालाच कळत असतें. दुसरा असा कीं, चाकें, ब्रेक, इंजिनाचा जोर व स्वयंचालक सोडविण्याची कळ यांचा अर्थ प्रत्येक मोडांत एकच असावा. मोड बदलावा तो दिवे, नकाशे, रेडिओ अशा बिनतांतडीच्या कामांपुरता.

आतां तिसरा पत्ता, फर्मवेअर. हा शब्द अशर ऑपलर यांनीं १९६७ सालीं रूढ केला. यंत्राचे कठीण भाग आणि संगणकावर सहज बदलतां येणारे आज्ञासंच यांच्या मधली ही वस्तु आहे. दांड्याच्या पोटांतील लहानशा चिपवर ती कोरलेली असते. कल मोजणें, त्याचा आंकडा करणें, बटणांना क्रमांक देणें आणि संगणकाला ओळख सांगणें हीं कामें तिची. उत्पादक तींत वेळोवेळीं सुधारणा करतात, व नवी आवृत्ति संगणकावरून दांड्यांत घालतां येते. तथापि केवळ नवी निघाली म्हणून ती घालण्याची घाई करूं नये. आपल्या दांड्यांतील दोष नव्या आवृत्तींत दुरुस्त झाल्याचें उत्पादकानें सांगितलें असेल, तरच तिचा उपयोग.

बदल करतेवेळीं जुनी माळ पुसली जाऊन नवी कोरली जात असते. मध्येंच तार सुटली किंवा वीज गेली तर दांडा अर्धवट अवस्थेंत अडकतो. म्हणून हें काम बॅटरी भरलेल्या लॅपटॉपवर करावें, अथवा मेजावरील संगणकाला वीज गेल्यावरही चालूं ठेवणारें यूपीएस जोडावें. तार थेट संगणकांत लावावी, मध्यें दुसरा जोड ठेवूं नये. आपली मांडणी आधीं जपून ठेवावी व जुन्या आवृत्तीचा क्रमांक टिपून घ्यावा. काम संपल्यावर दांडा पुन्हा चारी टोंकांपर्यंत फिरवून त्याचें प्रमाण ठरवावें, आणि बटणांचे क्रमांक पूर्वींचेच आहेत कीं नाहींत हें पाहावें. कारण क्रमांक सरकले असतील तर सिम्युलेटरमधील सारी मांडणी एक घर चुकलेल्या ओळीसारखी होते. दांडा अडकलाच तरी लगेच निराश होऊं नये. पुष्कळ दांड्यांत ठराविक बटण दाबून धरून तार जोडली असतां फर्मवेअर पुन्हा घालण्याची सोय असते, व तिची रीत माहितीपत्रकांत दिलेली असते.

दोष कोणत्या थरांत आहे हें ओळखण्याची परीक्षा सोपी आहे. विंडोज प्रणालींत खेळांच्या साधनांची तपासणी करणारी एक खिडकी असते. सिम्युलेटर बंद करून ती उघडावी, एकेक बटण दाबावें, व दांडा सावकाश फिरवावा. येथें दिवा लागतो व खूण नीट फिरते, पण विमान भलतेंच करतें, तर दोष नेमणुकींत किंवा मोडांत आहे. फर्मवेअरला हात लावण्याचें कारण नाहीं. येथेंच खूण थरथरते किंवा बटण मुकें राहतें, तर दोष दांड्याच्या आंत आहे. अशा वेळीं प्रथम तार, मग धूळ, मग प्रमाण, आणि सर्वांत शेवटीं फर्मवेअर, असा क्रम ठेवावा. जो बदल सहज मागें घेतां येतो तो आधीं करावा, हें तत्त्व या क्रमाच्या मुळाशीं आहे.

एवढा खटाटोप खेळण्यासाठीं कशाला, असें कोणी म्हणेल. सिम्युलेटरचा इतिहास पाहिला तर हा खेळ पहिल्यापासून गंभीर आहे. एडविन लिंक या अमेरिकन गृहस्थाच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन तयार करण्याचा कारखाना होता. त्या ऑर्गनांतील भाते वापरून त्यानें १९२९ च्या सुमारास जमिनीवरच डोलणारें एक नकली विमान बनविलें. प्रथम तें करमणुकीच्या बागांत गेलें. १९३४ सालीं टपाल वाहतांना खराब हवेंत अनेक लष्करी वैमानिक प्राणास मुकले, तेव्हां अमेरिकन सैन्यानें अशीं सहा यंत्रें विकत घेतलीं, आणि पुढें महायुद्धांत लक्षावधि वैमानिकांचें प्राथमिक शिक्षण त्यांवर झालें. ज्या चुकीची किंमत आकाशांत जिवानें द्यावी लागते, ती जमिनीवर फुकट करूं देणें, हाच त्या भात्यांचा उपयोग होता.

घरच्या टेबलावर घालविलेले तास वैमानिकाच्या परवान्यासाठीं धरले जात नाहींत. तरीही जो मुलगा किंवा मुलगी आपल्या दांड्याच्या प्रत्येक बटणाचा अर्थ विचार करून ठरविते, तो कागदावर लिहिते, आणि कळ दाबण्यापूर्वीं 'आतां हिचा अर्थ काय आहे ?' असें स्वतःला विचारते, तिनें उड्डाणविद्येंतील एक महत्त्वाचा धडा घेतलेला असतो. हीच संवय पुढें मागावर, कारखान्यांत वा रुग्णालयांतील यंत्रापाशीं उभें राहणाऱ्यासही उपयोगी पडते. यंत्राला हवें तितक्या वेळां नवा अर्थ शिकवितां येतो. माणसाचा हात मात्र एक अर्थ सावकाश शिकतो व सावकाशच विसरतो. म्हणून मांडणी करतांना आधीं त्या हाताचा विचार करावा.