पेटीतली डांबरगोळी आणि तान्हं बाळ



१६ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. तो दिवस जवळ आला की वस्तीत घरोघरी पेट्या उघडतात. लेकरांचे पांढरे कपडे निघतात, थोरल्याची झबली-दुपटी धाकट्यासाठी निघतात. सोबत डांबरगोळीचा वास येतो. तान्ह्या बाळाला हा वास जिवावर बेतू शकतो.

डांबरगोळी बहुधा नॅफ्थलीनची असते. ती हळूहळू हवेत उडते आणि कपड्यात मुरते. बाळाच्या श्वासातून, कातडीतून ती रक्तात जाते. नॅफ्थलीन तेलात विरघळतं, म्हणून तेलमालिश करून असं झबलं घातलं तर धोका वाढतो.

रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं जी-६-पीडी नावाचं एन्झाइम काही बाळांत जन्मतः कमी असतं. नॅफ्थलीनमुळे त्यांच्या पेशी फुटतात. रक्त कमी होतं, कावीळ वाढते. ती मेंदूत भिनली तर कायमचं अपंगत्व येतं. ग्रीसच्या डॉक्टरांनी १९६३ मध्ये डांबरगोळीमुळे आजारी पडलेल्या २१ बाळांची नोंद केली. त्यातली दोन दगावली. बहुतेकांच्या अंगाला तो कपडा लागलाही नव्हता, खोलीतला वास पुरला.

हा दोष मुलाला आईकडून येतो, पण आईला बहुधा त्रास नसतो. सिकलसेलसारखाच तो विदर्भात आदिवासींत आणि आपल्या समाजातही आढळतो. मात्र सिकलसेलच्या तपासणीत तो कळत नाही, त्याची तपासणी वेगळी.

काय करावं?

• बाळाच्या कपड्यांत, गोधडीत, खोलीत डांबरगोळी ठेवू नका. कापूरही नको.
• कपडे धुऊन कडक उन्हात वाळवा. पेटीत कडुनिंबाची वाळलेली पानं पुरचुंडीत बांधून ठेवा.
• गोळीचा वास लागलेला कपडा तान्ह्याला घालू नका. नॅफ्थलीन पाण्यात विरघळत नाही, नुसतं धुऊन जात नाही. मोठ्या मुलांचे कपडे धुऊन दोन-तीन दिवस बाहेर हवेत टांगा.
• रांगत्या लेकराने गोळी गिळली तर ओकारी काढू नका, दूध-तेल पाजू नका. लगेच दवाखान्यात न्या.

बाळाचे डोळे, तळहात, तळपाय पिवळे दिसले, ओठ फिके पडले, लघवी काळ्या चहासारखी झाली, बाळ दूध ओढेना किंवा सुस्त पडलं, तर झाडफुकीत वेळ घालवू नका. आशाताईंना सांगा, १०८ ला फोन करा. आणि घरात डांबरगोळी होती हे डॉक्टरांना न विचारता सांगा. तेवढ्याने निदान लवकर होतं.