राजाश्रय, तिकीट आणि बंदी : सातारा-सांगली परिसरातील वाङ्मयीन अनुभवाचा विचार

साहित्य आणि सत्ता यांच्या संबंधांची चर्चा मराठीत बहुधा बंदीच्या अंगाने होते. कोणते नाटक बंद पाडले गेले, कोणते पुस्तक जप्त झाले, याची नोंद राहते. परंतु ज्या निर्मितीवर बंदी आली नाही ती कोणाच्या पैशावर उभी राहिली, हा प्रश्न मागे पडतो. वस्तुतः बंदी, बाजार आणि राजाश्रय या शक्ती परस्परांपासून अलग नाहीत. एकीच्या दडपणातून सुटू पाहणारा लेखक बहुतेक वेळा दुसरीच्या आधाराला जातो आणि त्या आधाराच्या अटी त्याच्या निर्मितीत उतरतात. सातारा-सांगली परिसराशी निगडित अशा चार उदाहरणांवर हे विधान तपासून पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे या दोन्ही जिल्ह्यांचा एकत्रित विचार करणे सयुक्तिक ठरते.

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले ते संस्थानाधिपती चिंतामणराव पटवर्धन यांच्या आज्ञेने व आश्रयाने. प्रेक्षक दरबाराचा आणि खर्चही दरबाराचा, अशी ही व्यवस्था होती. १८५१ मध्ये चिंतामणरावांचे निधन झाले आणि हा आधार सरला. भावे यांना मंडळी घेऊन गावोगाव हिंडावे लागले. १८५३ मध्ये त्यांनी मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले. आश्रयदात्याच्या मर्जीतून नाटक मोकळे झाले खरे. परंतु त्याच क्षणी ते अनोळखी प्रेक्षकाच्या पसंतीशी बांधले गेले. मराठी रंगभूमीचा व्यावसायिक पाया राजाश्रय तुटण्यातून घातला गेला, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे.

हा तिकीट काढून येणारा प्रेक्षक पुढे शासनाच्याही चिंतेचा विषय झाला. १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याने राजद्रोही, बदनामीकारक अथवा अनीतिकारक वाटणारे प्रयोग बंद करण्याचा अधिकार सरकारला दिला. त्याचा मराठीतील सर्वांत गाजलेला वापर सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवध’ या नाटकाविरुद्ध झाला. १९०७ मध्ये रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे कथानक महाभारतातील विराटपर्वाचे. तथापि टिळकांचे सहकारी असलेल्या खाडिलकरांच्या कीचकात प्रेक्षकांनी लॉर्ड कर्झन ओळखला, सैरंध्रीत पीडित देश पाहिला, आणि युधिष्ठिर व भीम यांच्या मतभेदात मवाळ-जहालांचा वाद ऐकला. संहितेत राजद्रोहाचा एकही उघड शब्द नव्हता. लंडनच्या ‘टाइम्स’ने १९१० च्या जानेवारीत या नाटकाचा गर्भितार्थ इंग्रज वाचकांपुढे मांडला, आणि त्याच महिन्यात नाटकावर बंदी आली. त्यापूर्वी २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घालून ठार करण्यात आले होते. तेथे त्या रात्री सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘शारदा’ चालू होते. जरठकुमारी-विवाहावरील या सामाजिक नाटकाचा त्या घटनेशी काही संबंध नव्हता. परंतु नाट्यगृह ही जागाच आता शासनाच्या दृष्टीने संशयास्पद ठरली. ‘कीचकवधा’च्या बंदीत शासनाने खऱ्या अर्थाने तपासला तो संहितेचा शब्द नसून प्रेक्षकाला होणारा अर्थबोध होय.

यानंतरचे खाडिलकर संगीत रंगभूमीकडे वळलेले दिसतात. ‘मानापमान’ (१९११), ‘विद्याहरण’ (१९१३) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांचे यश पदे, चाली आणि बालगंधर्वांच्या गायनाशी निगडित होते. हे वळण केवळ बंदीमुळे घडले असे म्हणता येणार नाही. संगीत नाटकाची मागणी त्याआधीच वाढलेली होती. तथापि बंदीने एक वाट अडवली असता बाजाराने दुसरी वाट रुंद करून ठेवली होती, एवढे निश्चित म्हणता येते. ही दुसरी वाट पूर्णतः राजकारणनिरपेक्षही नव्हती. जुलै १९२१ मध्ये गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसले यांची ललितकलादर्श यांनी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग केला तो टिळक स्वराज्य फंडासाठी. संहितेतून जे राजकारण बोलता येत नव्हते, त्याला तिकीटविक्रीच्या उत्पन्नाने हातभार लावला.

नाट्यगृहाबाहेरच्या कलावंताचा अनुभव याहून कठोर आहे. तमाशाची या परिसरातील परंपरा मोठी. पठ्ठे बापूराव हे वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे. त्याच तालुक्यातील वाटेगावी १९२० मध्ये अण्णा भाऊ साठे यांचा जन्म झाला. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. तमाशातील गणेशवंदनेच्या जागी त्यांनी श्रमिकांना आणि भूमीला वंदन आणले, गौळण वगळली, आणि वगाचा उपयोग राजकीय प्रबोधनासाठी केला. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली तेव्हा अण्णा भाऊंनी आपल्या प्रयोगांना ‘लोकनाट्य’ हे नाव दिले. बंदीचे समर्थन अश्लीलतेच्या भाषेत होते. तिचा फटका मात्र जातीने दलित आणि विचाराने डाव्या अशा कलावंतांना अधिक बसला. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ मध्ये ‘फकिरा’ या कादंबरीस राज्य पुरस्कार मिळाला आणि त्यांच्या कथांवर चित्रपटही निघाले. शासनाचा सन्मान आणि चित्रपटाचा बाजार या दोहोंचा स्पर्श होऊनही १९६९ मध्ये अण्णा भाऊ दारिद्र्यातच निवर्तले.

सन्मान करणारी सत्ता आणि नियंत्रण करणारी सत्ता एकाच व्यासपीठावर दिसली ती सातारा जिल्ह्यातील कराड येथे. डिसेंबर १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असताना, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तेथे भरले. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे त्या वेळच्या केंद्रीय मंत्रिमंडळातील एक ज्येष्ठ मंत्री. आणि अध्यक्ष होत्या दुर्गा भागवत. मुख्यमंत्री असताना यशवंतरावांनी १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळाची स्थापना केली होती आणि विश्वकोशाचे मोठे काम वाई येथे उभे राहिले होते. त्यांचे साहित्यप्रेम शंकास्पद नव्हते. म्हणूनच दुर्गाबाईंच्या भूमिकेचे महत्त्व अधिक. वृत्तपत्रांवर पूर्वनियंत्रण असताना त्यांनी अध्यक्षपदावरून लेखनस्वातंत्र्याचा उच्चार केला आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना केली. १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. आश्रयदाता सहृदय असला तरी आश्रयाची अट नाहीशी होत नाही. ती केवळ उच्चारली जात नाही. दुर्गाबाईंनी ती अट प्रकट केली आणि पुढे शासकीय सन्मानही नाकारले.

या चार उदाहरणांतून असे दिसते की, लेखकाच्या स्वातंत्र्याचे मापन केवळ बंदीच्या हुकुमांवरून करणे अपुरे आहे. हुकूम रद्द होतो, त्यास न्यायालयात आव्हान देता येते; नाट्यसंहितेच्या पूर्वपरीक्षणाविरुद्ध अमोल पालेकर यांनी २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तसे आव्हान दिले. तिकिटाच्या किंवा अनुदानाच्या अटीला आव्हान देण्यासाठी मात्र न्यायालय नसते. वाङ्मयेतिहासकाराने म्हणूनच जप्तीच्या आदेशांबरोबर नाटक मंडळ्यांचे जमाखर्च, कलापथकांच्या सुपाऱ्या, संमेलनांच्या स्वागत समित्या आणि पुरस्कारांचे निर्णय यांचाही अभ्यास करावयास हवा. ‘कीचकवध’ का बंद झाले हे आपणांस ज्ञात आहे; त्या काळात कोणती नाटके लिहिलीच गेली नाहीत, याचा मागोवा अशाच साधनांतून लागू शकेल.